बाबांची गाडी आणि फेसाळलेलं तेल

आजचा अख्खा रविवार बाबांच्या 1998 च्या गाडीपाशी गेला. तीन आठवडे स्टेअरिंग जड, आणि पूर्ण वळवलं की पॉवर स्टेअरिंगचा, म्हणजे तेलाच्या दाबानं स्टेअरिंग हलकं करणारा, पंप कण्हायचा. दोन मिस्त्रींनी एकच सांगितलं, पंप गेला, बदला. मन मानेना.

आज स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं तर तेलावर दुधासारखा फेस! म्हणजे हवा शिरतेय. पण खाली थेंबभरही गळती नव्हती. मग उमगलं, टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथे चीर पडली की तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. क्लिपखालचं रबर कडक होऊन तडकलं होतं. पाइप आणि क्लिप, दोन्ही नवी टाकली.

पुढची चाकं उचलून स्टँडवर घेतली. आत अडकलेली हवा काढायला इंजिन बंद ठेवूनच धाकटीनं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, दमली बिचारी. मी तेल घालत बुडबुड्यांवर नजर ठेवून. ते थांबल्यावरच चावी फिरवली. आवाज नाही!

संध्याकाळी आईला शेजारी बसवून फेरी मारली. चौकात गाडी एका हातानं वळली. आई म्हणाली, "हेही असेच वळवायचे."