मायनस पंधरा परवडलं, पण शून्य नको

आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतल्या एका काकूंची मुलगी जानेवारीत कॅनडात ओटावाला शिकायला चाललीये, आणि आम्ही बरीच वर्षं तिकडेच काढून आता ठाण्यात परत आलोय हे कळल्यापासून काकू लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यापाशी, जिथे भेटतील तिथे थंडीचं काहीतरी विचारतात. नाकातून रक्त येतं म्हणे ना गं? (येतं कधीकधी, हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते म्हणून, नाकपुडीला आतून थोडं व्हॅसलीन लावायचं.) रोज अंघोळ करतात का? (करतात हो काकू.) पण परवा त्यांनी खरा प्रश्न विचारला, की मग पोरगी चार-पाच महिने घरात कोंडूनच राहणार का?

तर नाही, अजिबात नाही. कोंडून घ्यायचंच नाही, एवढं एक कळलं की पुढचं सगळं जमतं. आपण इथे जुलैमध्ये काय करतो, पाऊस आहे म्हणून घरात बसतो का, उलट जोराचा पाऊस आला की आपल्याला उपवनला जाऊन कणीस खायचं असतं, येऊरला चिखल तुडवायचा असतो, छत्री उलटी झाली तरी कोणी घरी परतत नाही. बर्फाचंही तसंच आहे. माझ्या ओळखीतले जे जे लोक तिकडच्या हिवाळ्याला वैतागले ते सगळे हीटर लावून सोफ्यावर बसणारे होते. डिसेंबरच्या शेवटी ओटावात संध्याकाळी 4:20 च्या सुमारास सूर्य मावळतो, ऑफिसातून निघेपर्यंत मिट्ट काळोख, घरी येऊन वरणभात खायचा, मालिका बघायची आणि झोपायचं, असं सलग पाच महिने केलं तर कोणाचंही डोकं फिरेल, त्यात थंडीचा काय दोष.

आता दुसरी गोष्ट, जी इथे कोणाला सांगितली तरी पटत नाही. मायनस 15 परवडतं, शून्य परवडत नाही. शून्याच्या आसपास असलं की बर्फ धड बर्फ राहत नाही आणि धड पाणी होत नाही, रस्त्याकडेला करडा, मिठाचा, वाळूचा नुसता रबडा, त्याला स्लश म्हणतात, बसने तो अंगावर उडवला की संपलं. मोजे ओले, पँटच्या कडा ओल्या, आणि रात्री तेच सगळं गोठून सकाळी फुटपाथवर असा पातळ थर बसतो जो दिसतच नाही. कधी पाऊसच पडता पडता गोठतो. जानेवारी 1998 मध्ये तिकडे असा पाऊस दिवसच्या दिवस पडला होता, विजेचे मनोरे आडवे झाले आणि लाखो लोक अंधारात बसले, जुनी माणसं अजून त्याच्या गोष्टी सांगतात. आणि मायनस 15 ला? बहुतेक वेळा लख्ख ऊन असतं, आकाश निळं, हवा कोरडी, बर्फ अंगावर पडला तरी झटकला की गेला, ओलं काही होत नाही. बुटाखाली करकर आवाज येतो आणि त्या आवाजावरूनच कळायला लागतं की आज चांगलीच थंडी आहे. फक्त स्नोमॅन त्या दिवशी होत नाही, कोरडा बर्फ चिकटतच नाही, मुलं गोळा करायला जातात आणि हातात नुसती पूड. स्नोमॅनला शून्याच्या जवळपासचाच दिवस लागतो, तेवढा एक उपयोग शून्याचा.

वारा मात्र बघायचा. फोनवर तापमानाच्या खाली विंड चिल म्हणून जो आकडा असतो तो खरा, तो मायनस 28 च्या खाली गेला की उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी हौस करायची नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगते कारण काकूंनी ऑलरेडी दोन जाडे स्वेटर विणायला घेतलेत. एकच जाडजूड घालण्यापेक्षा थर घालायचे, आत थर्मल, मध्ये फ्लीस नाहीतर लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट. अंगालगत सुती काही नको, आपलं कॉटन घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गार पडतो. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन बरे, चार बोटं एकत्र राहिली की ऊब राहते. जॅकेट आणि बूट इथून नेऊ नका, तिकडेच घ्या, इथे दुकानदार मनालीचा माल अंटार्क्टिकाचा म्हणून विकतो. आणि माकडटोपी न्या! आमच्या बाबांच्या तपकिरी माकडटोपीला आम्ही जन्मभर हसलो, आणि तिकडे तीच वस्तू बालाक्लाव्हा नावाने स्पोर्ट्‌सच्या दुकानात टांगलेली, किंमत बघून बाबा दुकानातच हसायला लागले.

हो, आईबाबांना आम्ही मुद्दाम फेब्रुवारीत बोलावलं होतं. ठाण्यातल्या सगळ्या नातेवाईकांनी आम्हाला वेड्यात काढलं, सगळ्यांचे आईवडील मे-जूनमध्ये येतात, हिरवळ बघतात, नायगारा बघतात आणि जातात. पण ओटावाचा खरा सीझन फेब्रुवारी, तेव्हा विंटरलूड असतं (हा बर्फाचा उत्सव 1979 पासून चालू आहे), मोठमोठ्या बर्फाच्या लाद्या कोरून केलेली शिल्पं, नदीपलीकडच्या गॅटिनो शहरात मुलांसाठी बर्फाच्या घसरगुंड्या, आणि मुख्य म्हणजे रिडो कॅनॉल. हा कालवा 1832 चा, युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि हिवाळ्यात गोठला की शहराच्या मधून 7.8 किलोमीटरचा स्केटिंगचा रस्ता होतो, तोही फुकट. बाबांनी लगेच हिशोब केला, म्हणजे ठाण्याहून जवळजवळ कांजूरमार्ग. काही लोक खरंच पाठीला सॅक लावून त्यावरून ऑफिसला जातात.

आई काठावरच थांबली. "खाली पाणी आहे ना गं?"

आहे म्हटलं.

"मग मी इथेच बरी आहे. तुम्ही जा."

मग नवऱ्याने तिला सगळं समजावलं, की शरद ऋतूत कालव्याचं पाणी आधीच कमी करून ठेवतात, बर्फाला भोकं पाडून जाडी मोजतात, साधारण 30 सेंटीमीटर चांगला बर्फ झाल्याशिवाय लोकांना सोडतच नाहीत, रात्री त्याच कालव्याचं पाणी पंपाने वर घेऊन पसरतात म्हणजे सकाळपर्यंत गोठून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. ताजा स्नो पडला की तोही पटकन काढतात, कारण त्याच्या थराखाली थंडी पोचत नाही आणि बर्फ जाड व्हायचा थांबतो. आणि तो बघा हिरवा झेंडा, लाल असता तर बंद. आईने झेंड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आपल्याकडे जुहूला पण झेंडे लावतात, लोक बुडायचे ते बुडतातच." यावर नवरा काय बोलणार.

शेवटी तिथे भाड्याने ढकलायच्या स्लेज मिळतात, लाकडी खुर्चीला खाली पट्ट्या लावलेल्या असतात, त्यात तिला बसवली. साडीवर स्नोपँट चढेना म्हणून पंजाबी ड्रेस, त्यावर माझी स्नोपँट, त्यावर बाबांची शाल, डोळे तेवढे उघडे. पहिली पाच मिनिटं दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून तोंडाने रामरक्षा, अगदी ऐकू येत होती. मग बाजूने एक तीन-चार वर्षांचं पोर स्केट करत भुर्रकन पुढे गेलं, तसं ती सरळ होऊन बसली आणि जावयाला म्हणाली, "तुम्ही दमलात का? जरा जोरात घ्या ना." परत येताना बीव्हरटेलच्या टपरीवर थांबलो, चपटी लांबट तळलेली गरम पोळी, वर दालचिनी आणि साखर, वरून लिंबू पिळून घ्यायचं. आईने अर्ध्याहून जास्त खाल्ली आणि "तेल कोणतं वापरतात कोण जाणे" असंही म्हणाली.

स्केट्स बांधणं हे खरं कष्टाचं काम आहे, हे कोणी सांगत नाही. मिटन घालून नाडी ओढता येत नाही, मिटन काढला की एका मिनिटात बोटं बधिर, आणि नाडी घोट्यापाशी घट्ट नसली की पाय आतल्या बाजूला पडतो आणि मग उभंच राहता येत नाही. म्हणून कालव्यावर शेड असतात त्यात बाकावर बसून सावकाश बांधायची, आधी पंजाशी सैल, घोट्याशी करकचून, वर परत थोडी सैल, आणि मग पँट त्यावरून खाली. आमचं पोरगं दर वेळी बांधून झाल्यावर शू लागली म्हणायचं.

कालव्याइतकंच मला जंगल आवडायचं. नदी ओलांडली की गॅटिनो पार्क, तिथे पायाला स्नोशूज बांधून चालायचं, बर्फात पाय रुतत नाही. नवीन स्नो पडल्यावर तिथे इतकी शांतता असते की स्वतःच्या जॅकेटची सळसळ मोठ्याने ऐकू येते, मऊ बर्फ आवाज पिऊन टाकतो म्हणून. आणि ओटावाच्या पश्चिमेला जॅक पाइन ट्रेल म्हणून आहे तिथे चिकडी नावाचे काळ्या टोपीचे इवलेसे पक्षी. पक्ष्यांना खायला घालू नका असं सांगतात, पण ते माणसांना इतके सोकावलेत की नुसता हात पुढे करून उभं राहिलं तरी येऊन बोटावर बसतात. वजन जेमतेम 10-12 ग्रॅम. मिटन काढलेला असेल तर नखं बारीक टोचतात, मान वाकडी करून तळहातावर काही आहे का बघतो, नाही दिसलं की रागाने निघून जातो. पोरगं त्यासाठी मायनस 18 मध्ये अर्धा तास हात पुढे करून पुतळा होऊन उभं राहायचं, घरी मात्र दोन मिनिटं एका जागी बसायचं नाही.

एका वर्षी, 2022-23 च्या हिवाळ्यात, कॅनॉल उघडलाच नाही. 1971 च्या जानेवारीत फावडी आणि झाडू घेऊन छोटासा तुकडा साफ करून हे सगळं सुरू झालं होतं, तेव्हापासून पहिल्यांदाच असं झालं. थंडी आली, गेली, पाऊस पडला, परत थोडी आली, पण बर्फ काही पुरेसा जाड होईना. लोक रोज सकाळी वेबसाइट बघत होते, फेब्रुवारी संपत आला, आणि मग नाही म्हणून जाहीर केलं. ऑफिसात लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते, घरात काहीतरी झाल्यासारखी शांतता. तोपर्यंत मला वाटायचं तिकडच्या लोकांना थंडी नकोशी असते.

संक्रांतीला वेगळीच गंमत. मुद्दाम काळी साडी नेसून हळदीकुंकवाला जायचं आणि वर गुडघ्यापर्यंत पार्का, त्यामुळे रस्त्यात साडी कोणालाच दिसत नाही, पदर आत कोंबलेला, खाली बूट. यजमानीणबाईंच्या दाराशी बुटांचा डोंगर, त्यातून बर्फ वितळून तळं झालेलं, आणि काठापदराची साडी दोन्ही हातांनी वर धरून त्यातून उड्या मारत आत जाणाऱ्या बायका. एकीचा तरी मोजा भिजतोच. दुसऱ्या दिवशी बुटांवर मिठाचे पांढरे ओघळ, ते व्हिनेगर-पाण्याने पुसायचे नाहीतर चामडं जातं. पण तीळ आणि गूळ थंडीत का खायचा हे मला ठाण्यात कधी कळलं नव्हतं, तिकडे रात्री नऊला बाहेर मायनस 22 असताना बसस्टॉपवर खिशातली वडी खाल्ली तेव्हा कळलं.

मार्च आला की शेवटचं आउटिंग शुगर शॅकचं, म्हणजे मेपलचा पाक करतात त्या जागेचं. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर, असं चक्र सुरू झालं की मेपलच्या झाडात रस चढायला लागतो, खोडाला छोटं भोक पाडून तो गोळा करतात आणि आटवतात, साधारण 40 लिटर रसातून 1 लिटर सिरप. आई-बाबा तोपर्यंत होते म्हणून त्यांनाही नेलं. तिथे उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून खायला देतात, सगळे लोक फोटो काढत होते, आणि आमची आई पाक ओतणाऱ्या माणसाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, बोटावर थोडा घेतला, चिमटीत ओढून बघितला आणि मला म्हणाली, "त्याला सांग, अजून जरा आटव, वड्या पडल्या असत्या." मी सांगितलं नाही. त्या माणसाने तिला अजून एक काडी दिली.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर काकूंनी विचारलं, की मग मार्चच्या शेवटी ते जड बूट परत पाठवून देऊ का म्हणावं कोणाबरोबर. नको, म्हटलं, एप्रिलमध्ये एकदा तरी पडतोच.