सरांच्या खात्यावर दिसतं, आमच्या खात्यावर नाही

ठाण्यातल्या तलावांचा नकाशा आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्यायचा, हे मी जूनमध्येच मनाशी धरलं होतं. मासुंदा, कचराळी, उपवन, रेलादेवी, सिद्धेश्वर. मुलं यांच्या काठाकाठाने वाढलेली. तलावपाळीवर संध्याकाळी भेळ खाल्लेली, उपवनला सायकल शिकलेली. पण यात उघडं पाणी किती आणि जलपर्णी किती, हे वरून कुणी पाहिलेलं नव्हतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअरही फुकट. त्यात सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा एक छोटा प्रोग्राम, टाकला की पाणी, झाडोरा, बांधकाम असं वर्गीकरण करता येतं. आमच्या शाळेत एवढे संगणक नाहीत. म्हणून जवळच्या एका कॉलेजच्या लॅबची परवानगी काढली. शनिवारी दुपारचे दोन तास, १८ मुलं, १८ मशीन.

लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि क्यूजीआयएस प्रत्येक मशीनवर सगळ्या खात्यांसाठी मिळून एकदाच टाकलेलं आहे. आम्हाला दिलं होतं पाहुण्यांचं खातं. त्याला इंटरनेट नाही, आणि लॉगआउट केलं की होम फोल्डर पुन्हा कोरं होतं. हा नियम मला पटलेला आहे. इतक्या जणांचे हात लागणारी मशीन अशीच ठेवावी लागतात. पण त्यामुळे ज्याने त्याने आपल्या खात्यात प्लगइन घ्यायचं, ही एरवीची सोपी वाट बंद होती. मी लॅब सांभाळणाऱ्या सरांना विनंती केली. त्यांनी दोन दिवसांत फोन केला. "मॅडम, सगळ्या मशीनवर टाकलंय. मी उघडून बघितलं, चालतंय."

शनिवारी मुलं बसली. क्यूजीआयएस उघडलं. प्लगइनच्या यादीत ते नाव नाही. मेनूत नाही. आणि चूक झाल्याचा एक शब्दही नाही. हेच मला सगळ्यात जड गेलं. एरर आला तर त्याचा धागा धरून पुढे जाता येतं. इथे सॉफ्टवेअर जणू ते प्लगइन जन्मालाच आलेलं नाही असं वागत होतं. सर आले, त्यांनी स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं, तर तिथे ते व्यवस्थित हजर. आम्ही परत पाहुण्यांच्या खात्यात गेलो, की गायब. मुलांना मी त्या दिवशी नुसते नकाशे बघायला लावले.

सरांचं मत पडलं की पाहुण्यांच्या खात्याला राइट परमिशन, म्हणजे फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही, म्हणून हे होतंय, आणि ती देता येणार नाही. राइट परमिशन देऊ नये हे बरोबरच होतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. क्यूजीआयएसबरोबरच येणारी प्लगइन्स, उदाहरणार्थ प्रोसेसिंग, डीबी मॅनेजर, सगळ्या खात्यांच्या त्याच सामायिक फोल्डरमध्ये असतात, जिथे सरांनी हे टाकलं होतं. तिथे आम्हाला लिहिता येत नव्हतंच, तरी ती आमच्याकडे चालत होती. मग हे एकटंच का अडावं?

पुढच्या शनिवारी मुलांच्या आधी तासभर पोचले. सरांकडून प्लगइनची तीच झिप घेतली, माझ्या पेनड्राइव्हवर उघडली, आणि टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, क्यूजीआयएस_प्लगइनपाथ हे व्हेरिएबल त्या फोल्डरकडे वळवून क्यूजीआयएस चालू केलं. या व्हेरिएबलने नेहमीच्या जागांखेरीज आणखी एका जागी प्लगइन शोधायला सांगता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. यादी उघडली, तर नाव आलं! तेच मशीन, तेच खातं, तीच झिप, फक्त जागा वेगळी. म्हणजे प्लगइन धड होतं, आवृत्तीही जुळत होती. घोळ सामायिक जागेतच होता.

तोवर चार-पाच मुलं आली होती. मी त्या सामायिक फोल्डरची तपशीलवार यादी काढली, एलएस-एल या आज्ञेने, आणि मोठ्या अक्षरांत पडद्यावर ठेवली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला परवानग्यांची अक्षरं असतात. पहिलं डी, म्हणजे फोल्डर. मग तीन-तीनचे तीन गट: मालकाचा, त्याच्या गटाचा आणि बाकी सगळ्यांचा. आर म्हणजे वाचायची, डब्ल्यू म्हणजे लिहायची, एक्स म्हणजे फोल्डरच्या आत जायची मुभा; रेघ म्हणजे मुभा नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, बाकीच्यांना शेवटपर्यंत अक्षरं आहेत. याच्या पुढे नुसत्या रेघा आहेत." खरंच. इतर फोल्डरांपुढे तिन्ही गटांत आर आणि एक्स होते. आमच्या फोल्डरपुढे डी, आर, डब्ल्यू, एक्स आणि त्यानंतर सहा आडव्या रेघा. आकड्यांत सांगायचं तर बाकी सगळी ७५५, हे एकटं ७००. मालकाच्या रकान्यात रूट या मशीनच्या मुख्य खात्याऐवजी सरांच्या खात्याचं नाव.

आता सगळं जुळलं. नव्या फाइलींना कुठल्या परवानग्या द्यायच्या नाहीत हे उमास्क ठरवतो, आणि सरांनी सुरक्षिततेसाठी स्वतःच्या खात्याला उमास्क ०७७ लावलेला आहे. त्यामुळे त्या खात्यात तयार होणारी प्रत्येक फाइल फक्त त्यांनाच दिसते. झिप त्यांनी तिथे उघडली आणि फोल्डर सूडो देऊन, म्हणजे रूटच्या अधिकाराने, सामायिक जागी हलवलं. हलवताना मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा बरोबर जातात. क्यूजीआयएस सुरू होताना प्रत्येक फोल्डरमध्ये इनिट नावाची पायथन फाइल आहे का ते बघतं, नसेल तर ते फोल्डर सोडून पुढे जातं. आमच्या खात्याला आत डोकावायचीच मुभा नव्हती, म्हणून फाइल नाही असंच त्याला दिसलं. आम्ही आठवडाभर लिहिण्याच्या परवानगीबद्दल बोलत होतो, आणि अडलेलं होतं वाचण्यावर.

सरांना दाखवलं. त्यांनी लगेच मालकी रूटकडे दिली आणि चमॉड या परवानग्या बदलायच्या आज्ञेने सगळ्यांना वाचायची परवानगी लावली. त्यात एक्स मोठ्या लिपीतला घातला, म्हणजे एक्झिक्यूटची परवानगी फोल्डरांनाच मिळते, साध्या फाइलींना उगाच लागत नाही. हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

नाव आलं. त्यापुढच्या चौकटीत खूण केली, तर आता मात्र तक्रार आली: रेमोटिओर सेन्सस सापडत नाही. या प्लगइनच्या आठव्या आवृत्तीला हे वेगळं पायथन मॉड्यूल लागतं. ते सरांनी टाकलं होतं, पण पिप या पायथन मॉड्यूल टाकायच्या साधनाने, सूडोशिवाय. अशा वेळी पिप एक ओळ छापून सांगतं की नेहमीची जागा लिहिता येण्यासारखी नाही, म्हणून वापरकर्त्याच्या खात्यात टाकतो आहे. ती ओळ भराभर वर सरकते आणि खाली सगळं यशस्वी झाल्याचं दिसतं. मॉड्यूल सरांच्या होममधल्या डॉट-लोकल या फोल्डरमध्ये जाऊन बसलं होतं. प्लगइन काय, मॉड्यूल काय, दोन्ही फक्त त्यांच्या खात्याला दिसत होती, म्हणून त्यांना चालत होतं. या खेपेला त्यांनी आधी उमास्क ०२२ केला, म्हणजे नव्या फाइली सगळ्यांना वाचता येतील असा, मगच सूडोने ते सगळ्यांसाठी टाकलं. उमास्क तसाच ठेवला असता तर रूटने टाकलेल्या फाइलीही आमच्यापासून झाकल्या गेल्या असत्या.

चौकटीतली खूण मात्र ज्याची त्याने करायची असते. प्लगइन सामायिक असलं तरी ते चालू की बंद, हे क्यूजीआयएस प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रोफाइलमधल्या आयएनआय फाइलमध्ये लिहितं. आमचं होम रोज कोरं होतं, म्हणून मुलं दर शनिवारी बसल्याबरोबर आधी ती खूण करतात. अर्धं मिनिट लागतं. आणि कुठल्याही फेरफारानंतर सर आता स्वतःच्या खात्यावर बघत नाहीत, पाहुण्यांच्या खात्याने लॉगिन करून बघतात.

त्या दिवशी शेवटची वीस मिनिटं उरली होती. सगळ्यांनी पावसाळ्याआधीचं चित्र घेतलं आणि पाण्याचा, झाडोऱ्याचा एकेक नमुना आखून वर्गीकरण चालवलं. डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश पाणी शोषून घेतं आणि हिरवी पानं जोरात परतवतात, म्हणून पाणी त्या पट्ट्यात काळंभोर दिसतं. मासुंदा तलाव निळ्या चौकोनांत उमटला आणि मधल्या देवळाच्या जागी निळ्याऐवजी दुसऱ्या रंगाचे दोन-तीन चौकोन. "टीचर, हे शंकराचं देऊळ ना?" असं चार जणांनी एकदम विचारलं. एका तलावाच्या कडेला हिरवा पट्टा आला होता, तिथे जलपर्णी आहे की काठावरच्या झाडांची सावली, यावर दोघांचं जुंपलं. रविवारी सकाळी ती दोघं वही घेऊन तिथे जाऊन आली. जलपर्णीच होती.