चित्र काढून काय होते, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "लोकांना चित्रं काढायला लावून राहिले म्हणे, त्यानं कसं बरं होते?" मी आघात झालेल्यांसोबत चित्र-मातीतून थेरपी करते, म्हणून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि सगळ्यात जास्त सोबत आलेल्या नवऱ्यांकडून येतो. पाठोपाठ दुसरा: "तुमच्यातला तो भाग काय म्हणतो, असं विचारता. म्हणजे अंगात येते का?"

नाही येत. "एक मन म्हणते जा, एक मन म्हणते नको" हे आपण रोज बोलतो, तेवढंच ते.

आधी चित्राचं. अत्याचार, अपघात, लहानपणची मारहाण यांच्या आठवणी सलग गोष्टीसारख्या साठत नाहीत. एखादा वास येतो, पोटात गोळा येतो, दाराच्या कडीचा आवाज झाला की घाम फुटतो आणि सांगायला जावं तर शब्द सापडत नाहीत. १९९६ साली अमेरिकेत अशा काही जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. आठवण जागी असताना बोलणं घडवणाऱ्या ब्रोका भागाचं काम मंदावलेलं दिसलं. अभ्यास लहान होता, पण माझ्या खोलीत जे दिसतं त्याच्याशी जुळतो. म्हणून खडू, शाडू, फाडायला जुने पेपर. चित्र सुंदर यायची गरज नसते. ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्यांनाच उलट जास्त त्रास होतो.

आता भाग. १९८० च्या दशकात रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन फॅमिली थेरपिस्टनं मनाच्या अशा भागांशी बोलायची ही पद्धत (इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स) मांडली. काही भाग सतत सगळं आटोक्यात ठेवतात, काही दुखणं उसळलं की दारू, खाणं, संताप, हाताला लागेल त्यानं ते विझवतात आणि या दोघांच्या मागे दुखावलेले भाग कोंडलेले असतात.

ओळख लागू नये म्हणून दोघीतिघींचं एकत्र करून सांगते. झोप येत नाही म्हणून आलेल्या बाईनं शाडूचा चौकीदार केला, बिनचेहऱ्याचा. "याले हाकला मॅडम, हाच झोपू देत नाही." मी म्हटलं, त्यालाच विचारा, तो झोपला तर काय होईल अशी भीती वाटते त्याला? बराच वेळ ती माती दाबत राहिली. मग म्हणाली, "कोणीतरी दार उघडेल." पुढे कित्येक आठवडे आम्ही चौकीदाराशीच बोललो. त्यानं हो म्हटल्याशिवाय दारामागच्या पोरीकडे, म्हणजे तिच्यातल्या कोंडलेल्या भागाकडे, गेलोच नाही.

नागपूरकरांना हे पटवणं अवघड, कारण आपल्याला सवय मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे असे पुतळे काढायचे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावभर मिरवायचे आणि जाळायचे. मला ती मिरवणूक फार आवडते. पुतळे करून, ओरडून सगळ्या शहराचा राग बाहेर काढणं ही कलेची थेरपीच, तीही फुकट! पण आतल्या चौकीदाराची मारबत करता येत नाही. जाळायला गेलात तर तो पहारा दुप्पट करतो.

हा रामबाण नाही. आघातासाठी ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करवत आठवण हाताळणं) आणि आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) यांच्यामागे संशोधनाचा आधार बराच जास्त आहे. भास होत असतील, जिवाला धोका असेल किंवा मारणारा अजून घरातच असेल, तर आधी औषध आणि सुरक्षितता. शाडू नंतर.

घरी करू का? रंग खुशाल खेळा. कोंडलेलं मात्र एकट्यानं उघडू नका, दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्याच्या हातूनही नाही. थेरपिस्टला सरळ विचारा, मध्येच मी घाबरले तर तुम्ही काय कराल? उत्तर गुळमुळीत वाटलं तर उठून या. रात्री-बेरात्री कोणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ती चित्रं जिची तिचीच. ठेवायची की फाडायची हे ती ठरवते. घरच्यांनी मागू नयेत, मागितली तरी मी देत नाही.