हर्न्स आणि त्रिनिदाद: जोड लावलीच तर

मुष्टियुद्धात वेल्टरवेटमध्ये, म्हणजे १४७ पौंडांपर्यंतच्या वजनगटात, कल्पनेतली जोड लावायची म्हटली की लोक लेनर्ड आणि मेवेदर यांची नावं घेऊन मोकळे होतात. मला त्याहून बघावीशी वाटते ती १९८१ चा थॉमस हर्न्स आणि १९९९ चा फेलिक्स त्रिनिदाद ही जोड. शुगर रे लेनर्डसमोर उतरला तेव्हा हर्न्सच्या ३२ लढती झाल्या होत्या, सगळ्या जिंकलेल्या, त्यांत ३० नॉकआउट. ऑस्कर दे ला होयासमोर उतरला तेव्हा त्रिनिदादच्या ३५ झाल्या होत्या, त्याही सगळ्या जिंकलेल्या, आणि नॉकआउट तेवढेच, ३०. दोघंही एका ठोशात लढत संपवणारे.

आपल्याकडे यात्रेच्या दंगलीत जोड लावताना आधी दोघांना शेजारी उभं करून अंगकाठी बघतात. तसंच करू. हर्न्स सहा फूट एक इंच, त्रिनिदाद पाच फूट अकरा. हर्न्सच्या हातांचा पल्ला ७८ इंच, म्हणजे साडेसहा फूट. त्रिनिदादचा त्याहून पाच-साडेपाच इंच कमी. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पल्ला मोजतात तो दोन्ही हात फैलावून, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत, छातीसकट. म्हणजे एका हाताच्या वाट्याला जास्तीचे अडीच-पावणेतीन इंचच येतात.

मग हर्न्सचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, इतका लांब का पडायचा? खांद्यामुळे. तो आडवा उभा राहायचा आणि ठोसा सुटताना डावा खांदा पूर्ण पुढे लोटायचा. घरी करून बघा. भिंतीसमोर छाती सरळ ठेवून उभे राहा, डावा हात लांब करा, मूठ भिंतीला टेकेल इतकं अंतर घ्या. आता टाचा जागच्या जागी वळवून आडवे व्हा आणि खांदा पुढे ढकला. कोपर वाकवल्याशिवाय हात मावणार नाही. अर्धी-पाऊण वीत तर नक्कीच वाढते. त्यात हर्न्सचा डावा हात कमरेशी लोंबत असायचा. तिथून निघालेला ठोसा नजरेच्या खालून वर येतो आणि उशिरा दिसतो. दोन जॅब असे टाकून समोरच्याचे डोळे खाली ओढायचे आणि मग वरून उजवा सोडायचा, हा त्याचा मुख्य पेच.

आता नियम. याचा निर्णय आधी केला नाही तर अंदाजाला अर्थ नाही. हर्न्सच्या काळात अजिंक्यपदाची लढत १५ फेऱ्यांची होती आणि वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. १६ सप्टेंबर १९८१ ला लास वेगासमध्ये तो १४५ पौंड भरला, मर्यादा १४७ ची, म्हणजे ६६.७ किलो. १३ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर तो गुणांत पुढे होता: १२४-१२२, १२५-१२२, १२५-१२१. चौदाव्या फेरीत रिंगमधल्या पंचाने लढत थांबवली आणि लेनर्ड जिंकला. १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर किम दुक-कू दगावला, त्यानंतर फेऱ्या १२ वर आल्या. त्रिनिदाद १२ फेऱ्यांच्या काळातला, आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर पाणी भरून घेणारा.

मी १२ फेऱ्या आणि आदल्या दिवशीचं वजन धरतो. वाटतं की यात त्रिनिदादचा फायदा. मला उलट दिसतं. हर्न्सच्या उंचीच्या माणसाला १४७ पौंडांत बसायचं म्हणजे अंगातलं पाणी पिळून काढायचं. मे महिन्यात भुसावळला पाण्याविना दिवस काढून बघितलेल्याला यातलं दुखणं सांगायला नको: आधी तोंड कोरडं पडतं, मग मांड्या जड होतात, शेवटी पाय ऐकत नाहीत. लेनर्डसमोर तेराव्या-चौदाव्या फेरीत हर्न्सचे पायच गेले होते. त्याला २४ तास आणि तीन फेऱ्यांची सूट दिली, तर त्याच्या सर्वांत मोठ्या दोषाला तुम्ही निम्मं औषध दिलंत.

त्रिनिदादकडे येऊ. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जाणकार उंचीवर भुलत नाही, आधी पाय बघतो. त्रिनिदादचे पाय बघा. सरळ रेषेत पुढे, सरळ रेषेत मागे. तळवा जमिनीला चिकटलेला, डोकं मधल्या रेषेवर. अंतर सापडेपर्यंत तो दोन-तीन फेऱ्या घ्यायचा, आणि तेवढ्या वेळात खायचाही. १९९४ मध्ये योरी बॉय कॅम्पासने दुसऱ्या फेरीत खाली बसवला, त्याच वर्षी ओबा कारनेही दुसऱ्याच फेरीत, १९९७ मध्ये केविन लुशिंगने पुन्हा दुसऱ्या फेरीत. तिन्ही वेळा उठला आणि तिघांनाही नॉकआउट केलं. हे काळीज खरं आहे, त्याला सलाम. पण हर्न्स ज्यांना दुसऱ्या फेरीत पाडायचा, ते उठून लढत नसत. ११ वेळा अजिंक्यपद राखलेला पिपिनो क्वेवास १९८० मध्ये दुसऱ्या फेरीत संपला. १९८४ मध्ये वरच्या वजनात रोबेर्तो दुरान दुसऱ्याच फेरीत तोंडावर कोसळला.

जॅबचा प्रश्नही त्रिनिदादला कधी पुरता सुटला नाही. दे ला होयाने आठ-नऊ फेऱ्या त्याला जॅबवर नाचवलं. शेवटच्या तीन फेऱ्या पळण्यात घालवल्या म्हणून निकाल त्रिनिदादकडे गेला. २००५ मध्ये विंकी राइटने तर जवळजवळ प्रत्येक फेरी घेतली. तेव्हा वजन १६० पौंडांचं होतं आणि त्रिनिदाद उतरणीला, हे मान्य; पण दोष जुनाच होता.

तरी त्याला एक दार उघडं आहे, ते नीट समजून घ्या. हर्न्सचा डावा हात खाली असतो म्हणून त्रिनिदादचा डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा, बसेल, असं पुष्कळ जण म्हणतात. हे चुकीचं आहे. समोरच्याचा डावा हूक येतो आपल्या उजव्या बाजूला, तो अडवायचा आपल्या उजव्या हाताने. हर्न्सची उजवी बाजू उघडी पडते एकाच क्षणी: सरळ उजवा मारून तो हात परत आणताना. त्या वेळी त्याची हनुवटी वर असते आणि तो सरळ मागे सरकतो. लेनर्डने सहाव्या फेरीत डाव्या हुकनेच त्याला हलवलं होतं. त्रिनिदादने उजव्याला दंडावर घेऊन, मागे न जाता, डाव्या पायाने अर्धं पाऊल आत टाकून हूक फिरवला तर हर्न्स पडेल. त्यासाठी तो उजवा आधी सोसावा लागेल, तोही पहिल्या तीन फेऱ्यांत, जेव्हा त्रिनिदादचं अंतर जमलेलंच नसतं.

दहा वेळा लढवलं तर सात हर्न्सला देतो, त्यांतल्या पाच पहिल्या चार फेऱ्यांत. त्रिनिदादच्या तीनही आठव्या फेरीनंतरच्या. एकाच लढतीवर बोट ठेवायचं झालं तर तिसरी फेरी: त्रिनिदाद दुसऱ्या फेरीत एकदा बसून उठलेला, चिडून सरळ आत येतो, स्वतःचा जॅब टाकून हात परत आणताना खाली सोडतो, आणि त्याच्या त्या डाव्या खांद्यावरून हर्न्सचा उजवा उतरतो.