निगेटिव्ह रक्तगट आणि बाळंतपण : तारखा, कागद आणि एक इंजेक्शन

माझा रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा ओ पॉझिटिव्ह. सासर केज तालुक्यात, माहेर औशाकडे, आणि नोकरी प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची. ज्या तपासण्या रोज दुसऱ्यांच्या करते त्याच दोन बाळंतपणांत माझ्याही झाल्या. दोन्ही लेकरं पॉझिटिव्ह आणि ठणठणीत. यात औषधोपचाराचा भाग थोडा आहे. खरी कसरत असते ती ठरल्या दिवशी ठरलेला कागद हातात असण्याची, म्हणून सगळं त्याच क्रमाने लिहिते.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. सोयरीक जुळवताना "दोघांचाही रक्तगट एकच निघाला, काही होणार नाही ना?" असं हमखास विचारतात. नवरा-बायको दोघेही बी पॉझिटिव्ह असले तर काहीही बिघडत नाही. काळजीची जोडी एकच : बाई निगेटिव्ह आणि पुरुष पॉझिटिव्ह. दोघेही निगेटिव्ह असतील तर बाळही निगेटिव्हच होणार, मग पुढचं काहीच लागत नाही. मात्र नवऱ्याचा गट तोंडी सांगितलेला धरू नका. गाडीच्या लायसनवर काहीही लिहिलेलं असतं. त्याचंही रक्त तपासून लेखी रिपोर्ट घ्या. आपल्याकडे निगेटिव्ह माणसं शंभरात साधारण पाच, त्यामुळे गावात आपण एकट्याच आहोत असं वाटतं. प्रसूती विभागात मात्र अशा बायका नेहमीच येतात.

होतं काय, तर पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशींवर डी नावाचा घटक असतो, तो आईच्या रक्तात नसतो. बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप सुटतं. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं वारेतून पलीकडे जातात आणि पॉझिटिव्ह बाळाच्या पेशी फोडत सुटतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, कधी बाळ दगावतं. अँटी-डी इंजेक्शन आईच्या शरीराला जाग यायच्या आत त्या परक्या पेशींचा निकाल लावतं. एवढंच त्याचं काम. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की त्याचा उपयोग शून्य, म्हणून वेळेला इतकी किंमत.

रक्तगट तपासताना पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब घेतात. पहिल्यात निळं द्रावण म्हणजे अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात पाण्यासारखं बिनरंगी अँटी-डी (हे तपासणीचं द्रावण, टोचायचं इंजेक्शन वेगळं). काडीने कालवून टाइल हलकेच डोलवली की जिथे जुळतं तिथे रवाळ गुठळ्या दिसतात. माझ्या टाइलवर मधला थेंब फाटतो आणि तिसरा शेवटपर्यंत एकसारखा लाल राहतो. पण टाइलवर निगेटिव्ह दिसलं म्हणून विषय संपत नाही. काहींच्या पेशींवर डी असतो पण फिका. तो टाइलवर दिसत नाही, नळीच्या पद्धतीत दिसतो. एका लॅबमध्ये निगेटिव्ह आणि दुसरीत पॉझिटिव्ह असे रिपोर्ट आले तर बहुधा हेच कारण असतं. अशा वेळी भांडत बसू नये, रक्तपेढीत नळीच्या पद्धतीने पक्का गट करून घ्यावा. ते होईपर्यंत निगेटिव्हच धरून चालावं.

दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्याच नोंदणीत गटासोबत आयसीटी म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट करायची. आईच्या रक्तात ती प्रतिपिंडं आधीच आहेत का, हे त्यातून कळतं. "पहिलटकरीण आहे, कशाला खर्च?" असं घरचे म्हणतात. पण आधी झालेला गर्भपात किंवा लहानपणी चढवलेलं रक्त कित्येकींना आठवत नाही, कित्येकी सांगत नाहीत. ही सोय छोट्या केंद्रात नसते. केज, धारूरकडच्या बायका अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जातात, औसा-निलंग्याच्या लातूरला, नांदेडकडच्या विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात, संभाजीनगर-जालन्याच्या घाटी रुग्णालयात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, ती धरली तर स्त्रीरोगतज्ज्ञ एका जागी भेटतात. माता-बाल संरक्षण कार्डावर जोखमीचा लाल स्टिकर लागेल. तो पाहून सासूबाई घाबरल्या तरी तो राहू द्या, ऐन बाळंतपणात सिस्टरचं लक्ष त्यानेच जातं.

आता २८ आठवडे, म्हणजे गरोदरपणातल्या अँटी-डी इंजेक्शनची वेळ. बायका महिने मोजतात, डॉक्टर आठवडे, आणि घोळ तिथेच होतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून १९६ दिवस मोजायचे. पाळी १ जूनला आली असेल तर २८ आठवडे १४ डिसेंबरला भरतात आणि बाळंतपणाची तारीख ८ मार्च येते. आमच्या बीडकडे हा हिशेब दिवाळीआधीच करावा लागतो, कारण दसऱ्या-दिवाळीनंतर कोयते उचलून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. डिसेंबरात ती बाई उसाच्या फडात असते, आणि सांगली-कोल्हापूरच्या दवाखान्यात गेली तर हातात कार्ड नसतं. आशाताईंनी टोळी निघायच्या आधी कार्डावर तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली आणि कार्डाचा फोटो मुकादमाच्या नाही, तर त्या बाईच्याच फोनमध्ये ठेवला, तर पुढचं काम निम्मं होतं.

२८ व्या आठवड्यात क्रम असा : आधी रक्त काढून आयसीटी, मग इंजेक्शन. उलटं केलं तर इंजेक्शनमधलीच प्रतिपिंडं तपासणीत दिसतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. असा रिपोर्ट हातात घेऊन रडत आलेल्या बायका मी पाहिल्यात. म्हणून लॅबमध्ये नमुना देतानाच "अँटी-डी घेतलंय, अमुक तारखेला" असं सांगायचं. त्याचा असर साधारण बारा आठवडे टिकतो.

मात्रा ३०० मायक्रोग्रॅम, स्नायूत. ती दंडावर घेतलेली बरी. कमरेखाली दिली तर चरबीत अडकून हळूहळू शोषली जाण्याचा धोका असतो. दुखतं, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनपेक्षा फार जास्त नाही. दिल्यावर वीसेक मिनिटं तिथेच बसवतात, तेवढं बसावं. बाळाला या इंजेक्शनने अपाय होत नाही.

सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळायला हवं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे आणि औषधं, तपासण्या, रक्त सगळं त्यात येतं. तरी साठा संपलेला असू शकतो, म्हणून आठवडाभर आधी चौकशी करावी. बाहेरून घ्यायचं तर ते हजारांच्या घरात जातं आणि तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर नसतं. साठवण २ ते ८ अंश, गोठवायचं नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि इंजेक्शन पिशवीत टाकून एसटीने तीन तास आणणारे लोक असतात. थर्मासच्या तळाशी बर्फाची पिशवी, तिच्यावर कापडाची जाड घडी, वर इंजेक्शनचा डबा. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इंजेक्शन वाया गेलं असंच धरा. शक्यतो जिथे टोचायचं तिथल्याच मेडिकलमधून त्याच वेळी घ्यावं. दुकानाचा फ्रिज रात्री बंद करतात का, हेही विचारायला लाजू नये. रिकाम्या व्हायलचं लेबल सोलून कार्डावर चिकटवून घ्या, बॅच नंबर आणि मात्रा लिहायचे कष्ट वाचतात.

मधल्या काळात रक्तस्राव झाला, मोटारसायकलवरून पडणं झालं, पोटाला मार बसला, तर "दुखत नाही" म्हणून घरी बसू नये. आयसीटी निगेटिव्ह असेल तर तेव्हाही ७२ तासांच्या आत इंजेक्शन लागू शकतं. गर्भपात, गर्भनलिकेतला गर्भ, पाडण्याच्या गोळ्या यांनाही हेच लागू. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात कमी मात्रा पुरते, आणि ती द्यायचीच का याबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. पण विचारायचं आपण. गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणल्या तर रक्तगट विचारणारं कुणी समोर नसतंच, आणि पुढच्या बाळंतपणात आयसीटी पॉझिटिव्ह निघते ती बऱ्याचदा अशाच वाटेने.

पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या दवाखान्यात जमलेली फाइल माहेरी पोचत नाही, ही आपल्याकडची जुनी अडचण. मी गट, आयसीटी, इंजेक्शनची तारीख आणि नवऱ्याचा गट हे चारच मुद्दे एका कागदावर लिहून कार्डाला पिन केले होते. कळा सुरू झाल्यावर फाइल कुणी वाचत नाही, वरचा कागद वाचतात.

बाळ झालं की नाळेतून रक्त घेतात. जांभळ्या झाकणाच्या नळीत गट, डीसीटी (डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, म्हणजे बाळाच्या पेशींवर आईची प्रतिपिंडं चिकटलीत का) आणि हिमोग्लोबिन, लाल झाकणाच्या नळीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं प्रमाण. इथे एक चूक वारंवार होते : नाळ पिळून, दाबून नळीत रक्त सोडतात. नाळेतला बुळबुळीत गर नमुन्यात मिसळला की पेशी उगाच एकमेकींना चिकटतात आणि गट चुकीचा लागू शकतो. सुई लावून नाळेच्या शिरेतून सिरिंजने ओढावं. लॅबमध्येही पेशी सलाइनने नीट धुऊन मगच गट करावा. नळीवर "बेबी ऑफ" आणि आईचं पूर्ण नाव हवं. आईचा आणि बाळाचा नमुना एकाच ट्रेमध्ये येतो, अदलाबदल झाली की बाळ निगेटिव्ह ठरतं आणि इंजेक्शन राहून जातं.

बाळ पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांत आईला पुन्हा ३०० मायक्रोग्रॅम. सातव्या महिन्यात घेतलं होतं म्हणून हे टळत नाही. बाळ निगेटिव्ह असेल तर नको. एका इंजेक्शनने बाळाचं साधारण ३० मिली रक्त निकालात निघतं. वार हाताने काढावी लागली, वार आधीच सुटली, जुळी झाली, तर जास्त रक्त मिसळलेलं असू शकतं, अशा वेळी दुसरी मात्रा लागते का ते विचारावं. शनिवारी रात्री बाळंत झालेल्या बाईचे ७२ तास मंगळवारी रात्री संपतात आणि मधला रविवार जातो, त्यामुळे बाळाचा गट त्याच रात्री मागावा. मुदत हुकलीच तरी गप्प बसू नये. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी थोडाफार फायदा होतो.

"दोन झाले, आता ऑपरेशनच करायलाव ना, मग इंजेक्शन कशाला?" हा प्रश्न नातेवाइकांचा असतो आणि कधीकधी स्टाफचाही. घ्यावं. नसबंदी क्वचित फसते, मूल दगावून टाके उघडायला आलेल्या बायका असतात, आणि अंगात प्रतिपिंडं असली तर पुढे कधी रक्त लागलं तेव्हा जुळणारं शोधताना नाकी नऊ येतात.

बाळाकडे पहिल्या चोवीस तासांत नीट बघायचं. उजेडात नाकावर किंवा छातीवर बोटाने दाबून सोडलं आणि कातडी पिवळी दिसली तर ती साधी कावीळ समजू नये, तिसऱ्या दिवशी येणारी वेगळी. कोवळं ऊन दाखवणं हा तिच्यावरचा उपाय नाही. बिलिरुबिन तपासून निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, फारच वाढलं तर रक्त बदलावं लागतं.

आयसीटी पॉझिटिव्ह आली तर रस्ताच बदलतो. मग अँटी-डीचा विषय संपला. आता टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण, ठरावीक काळाने मोजतात. १:१६ किंवा १:३२ च्या पुढे गेलं की बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, करून रक्तक्षयाचा अंदाज घेतात. तो जास्त असेल तर पोटातल्या बाळाला नाळेतून ओ निगेटिव्ह रक्त देतात. हे तालुक्याला होत नाही, टायटर वाढतंय दिसताच मोठ्या केंद्राची चिठ्ठी मागावी, आठवा महिना लागायची वाट बघू नये.

राहिलं रक्त. निगेटिव्ह बाईचं हिमोग्लोबिन सातवर ठेवून बाळंतपणाला जाणं म्हणजे उन्हाळ्यात टँकरच्या भरवशावर लग्न काढणं. लोहाच्या गोळ्या चहासोबत नकोत, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्याव्यात, आणि तारखेच्या आधी अकराच्या वर पोचावं. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, त्यामुळे सहाव्या महिन्यात राखून ठेवता येत नाही. नवव्या महिन्यात रक्तपेढीत नाव नोंदवावं आणि साठा ई-रक्तकोष या सरकारी वेबसाइटवर पाहावा. दाते शोधताना आधी सख्ख्या भावंडांचे गट तपासून घ्या, निगेटिव्ह सापडायची शक्यता तिथे गावापेक्षा जास्त. त्यांचं रक्त मात्र थेट तुम्हाला चढवत नाहीत. जवळच्या नात्यातलं रक्त विकिरण केल्याशिवाय देणं जोखमीचं असतं, म्हणून ते त्यांनी रक्तपेढीत द्यायचं आणि तुम्हाला दुसऱ्या दात्याची पिशवी मिळते. नवऱ्याने द्यायचं नाही, त्याचा गट कुठलाही असो. आणि आपण स्वतः? बाळंतपणानंतर बारा महिने आणि अंगावर पाजणं चालू असेपर्यंत रक्तदान चालत नाही. त्यानंतर हिमोग्लोबिन १२.५ असेल तर रक्तपेढीच्या निगेटिव्ह दात्यांच्या यादीत नाव द्यावं, मी दिलंय.