जांभई आली की बाबांचा हात उठतो

परवा दुपारी आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "अगं लवकर ये, ह्यांचा हात उठला!" मी धावले. बाबा आरामखुर्चीत, तोंड आ वासलेलं, आणि साडेतीन महिने मांडीवर पडून असलेला उजवा हात कोपरात वाकून छातीपर्यंत आलेला. जांभई संपली आणि हात परत मांडीवर. "अहो, परत करा ना," आई म्हणाली. बाबांनी कपाळाला आठ्या पडेपर्यंत जोर लावला. करंगळीसुद्धा हलली नाही.

आईने तेवढ्यात तळ्यातल्या गणपतीला नारळ कबूल करून टाकला.

फिजिओथेरपीची मुलगी दुसऱ्या दिवशी आली (कोथरूडहून शनिवार पेठेत स्कूटीवर येते आणि पार्किंगवरून आमच्या सेक्रेटरींशी रोज एक सामना खेळते). तिला ऐकून नवल वाटलं नाही. पक्षाघातात असं कधीकधी दिसतं म्हणाली. "काका, तुम्ही ठरवून हात उचलता तो हुकूम मेंदूच्या वरच्या सालीतून निघतो. ती वाट तुटलीय. जांभई मात्र खालून येते, मेंदूच्या देठातून. तिथून मज्जारज्जूत उतरणाऱ्या जुन्या वाटा अजून चालू आहेत."

म्हणजे हात मेलेला नाही, स्नायूंपर्यंतच्या तारा शाबूत आहेत. फक्त साहेबाची चिठ्ठी खाली पोचत नाही.

गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला, हात गेला उजवा. शेजारच्या काकूंना हे अजून पटलेलं नाही. वरून उतरणाऱ्या धाग्यांपैकी दहातले जवळजवळ नऊ धागे मेंदूच्या देठाच्या तळाशी, मान सुरू होते तिथे, बाजू बदलतात. बाबांना यात काही विशेष वाटलं नाही. ते कंपोझिटर. अप्पा बळवंत चौकामागच्या एका छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, ते कागदावर सरळ उमटतं. उलट्याचं सुलटं होणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा.

त्यांच्या केसवरून, म्हणजे खिळे ठेवायच्या लाकडी खणावरून, मला आणखी एक गोष्ट कळली. त्या खणात सगळी घरं सारखी नसतात. जे अक्षर जास्त लागतं त्याचं घर मोठं आणि हाताशी, क्वचित लागणारं कोपऱ्यात. मेंदूतही तसंच आहे. माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड या सर्जननी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा बारीक स्पर्श करून कुठे टोचलं की काय हलतं ते पाहिलं आणि 1937 मध्ये त्याचा नकाशा छापला. त्यात बोटं, ओठ आणि जीभ यांना भलीमोठी जागा आणि अख्ख्या पाठीला एवढुशी. बाबांची बोटं आणि जीभ दोन्ही अडली. केसमधली नेमकी मोठी घरं सांडली.

हातोडीचा प्रकार मला सगळ्यांत चक्रावून गेला. गुडघ्याखाली टक् केलं की पाय उडतो, हे शाळेत सगळ्यांनीच एकमेकांवर करून पाहिलेलं. मला वाटलं, बाबांचा उजवा पाय ढिम्म राहील. तो डाव्यापेक्षा जोरात उडाला! आई मागे सरकली. कारण ही झटक मेंदूला विचारून होतच नाही. स्नायू ताणला गेला की खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच उत्तर परततं. मेंदू फक्त वरून लगाम धरून असतो. लगाम सुटला की खालचं घोडं उधळतं.

त्यांची मूठ घट्ट वळलेली असते तीही याच कारणाने. आई ती रोज कोमट पाण्यात एकेक बोट करून उघडते, नखं कापते, आणि पाच मिनिटांत ती पुन्हा मिटते. आम्ही दोघी त्या मुठीवर फार चिडलो आहोत. तेल आणून देणारे नातेवाईक वेगळेच. तेलाच्या सात बाटल्या झाल्यात.

गेल्या रविवारी बाबांनी पलंगाखालच्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली त्यांची स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची हातातली पट्टी, आणि दोनेक मुठी खिळे. प्रेस बंद झाली तेव्हा उचलून आणलेले. जन्मभर स्टिक डाव्या हातात आणि खिळे उचलायचे उजव्याने. त्यांनी डाव्या हाताने स्टिक त्या हट्टी उजव्या मुठीत सारली. मूठ मिटली आणि स्टिक पक्की बसली, कारागिराने चिमट्यात धरावी तशी.

मग डाव्या हाताने खिळे. हा हात या कामात अगदी नवशिका. उजव्याला न बघता कळायचं, याला खिळ्याची खाच चाचपून सरळ-उलटं ठरवावं लागत होतं. दोनदा खिळा घरंगळून कपाटाखाली गेला. मी वाकले तर बाबा "राहू दे" असं काहीतरी पुटपुटले. वीस मिनिटांत तीन खिळे लागले.

आईने चष्मा लावून स्टिक हातात न घेता बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा लिहिलंय की काय?" आणि आधण ठेवायला गेली.