गच्चीवरून पावणेतीन केल्विन: माझा अनुभव

विश्वाच्या पार्श्वप्रारणाचं, म्हणजे महास्फोटानंतर उरून सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचं, तापमान 2.725 केल्विन. डीटीएचच्या छत्रीवर बसतो तो एलएनबी (लहरी पकडून वाढवणारी डबी), पाकिटावर काहीही छापलेलं असो, स्वतःच साठ-सत्तर केल्विनचा गोंगाट करतो; रेडिओतला गोंगाट असा तापमानात मोजतात. त्यातून हे पावणेतीन केल्विन सोलापुरातल्या गच्चीवरून वेगळे काढायचे होते. त्यासाठी जानेवारी धरला. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत हवा कोरडी असते आणि पहाटेपर्यंत गच्ची निवलेली असते.

छत्री वापरलीच नाही. तिच्या कडेवरून जमीन डोकावते, आणि 300 केल्विनच्या जमिनीचा एक टक्का आत आला तरी 3 केल्विन झाले. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराकडून अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी कर्णा करून घेतला: तोंड 20 सेंटिमीटर, लांबी 50. झोत साधारण दहा अंशांचा. एलएनबीशी होणारा सांधा 0.05 डेसिबल जरी गळला तरी साडेतीन केल्विनची भर पडते, म्हणून गरम आणि थंड संदर्भ, म्हणजे तुलनेसाठीच्या माहीत तापमानाच्या वस्तू, कर्ण्याच्या तोंडाशीच धरायचे. मग ही गळती आपोआप हिशेबात येते.

एलएनबीला बायस-टीमधून (सिग्नलच्या केबलमधूनच वीज देणारा जोड) 13 व्होल्ट दिले. 22 किलोहर्ट्झचा टोन नसला की एलएनबीचा ऑसिलेटर 9.75 गिगाहर्ट्झवर राहतो, आणि आलेल्या लहरीतून तेवढी वारंवारता वजा होते. आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) 1450 मेगाहर्ट्झवर लावला की आकाशातली 11.2 गिगाहर्ट्झची पट्टी मिळते. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, हाताने ठरवा. तो ऑटोवर राहिला तर आकाश आणि भिंत सारखीच दिसतात, आणि आपण उगाच सांधे तपासत बसतो.

कर्णा उत्तरेकडेच झुकवायचा, कारण इथून भूस्थिर उपग्रहांची रांग दक्षिणेला, डोक्यावरच्या बिंदूपासून जेमतेम 21 अंशांवर आहे. हवाही थोडी गरम दिसते, ती वजा करायला हवी. शिरोबिंदूपासून 0, 48 आणि 60 अंशांवर हवेचा थर 1, 1.5 आणि 2 पट होतो. तिन्ही वाचनांची रेघ शून्य थरापर्यंत मागे ओढली की हवा वजा.

दोन मेगाहर्ट्झची पट्टी मिनिटभर साठवली तर 100 केल्विनच्या गोंगाटात अनिश्चितता फक्त 0.01 केल्विन. कागदावर काम झालंच! पण एलएनबीचा गेन तापमानाबरोबर सरकतो, आणि 0.1 डेसिबल सरकला की 2.3 केल्विन गेले. त्याला थर्माकोलमध्ये गुंडाळा, तासभर आधी चालू करा, दर दोन-तीन मिनिटांनी संदर्भाकडे परत या.

गरम संदर्भ म्हणजे लहरी शोषणारा काळा कार्बन-फोम आणि त्यात खोचलेला थर्मामीटर. थंड संदर्भासाठी तोच फोम थर्माकोलच्या खोक्यात द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी हा नायट्रोजन लागतोच. तशाच एका पुरवठादाराकडून दहा लिटर मिळाला. (काम उघड्यावरच करायचं, भांड्याचं झाकण घट्ट लावायचं नाही.) सोलापूरच्या साडेचारशे मीटर उंचीवर तो 77.4 ऐवजी जवळपास 76.9 केल्विनला उकळतो.

पहिली उत्तरं शून्याच्या आसपास आली, एकदा तर उणे. द्रवाच्या पृष्ठभागावरून 0.8 टक्के परावर्तन होतं, म्हणजे कर्ण्याला स्वतःचीच ऊब परत दिसते. संदर्भ पावणेदोन केल्विनने गरम निघाला, आणि तिथून आकाशापर्यंत रेघ लांबवताना ती चूक सव्वादोनवर गेली. मोजायचं होतं ते जवळजवळ सगळं इथेच बुडत होतं. ही दुरुस्ती हिशेबात घातली. शिवाय परतलेल्या लाटेमुळे वाचन हेलकावतं, म्हणून कर्ण्याचं अंतर पाव तरंगलांबीने, 6.7 मिलिमीटरने, बदलून दोन्ही वाचनांची सरासरी घेतली.

हे पार्श्वप्रारण पहिल्यांदा शोधणाऱ्या पेन्झियस आणि विल्सन यांच्याकडे द्रव हेलियमचा संदर्भ होता. 1965 मध्ये त्यांना 4080 मेगाहर्ट्झवर शिरोबिंदूला 6.7 केल्विन मिळाले, त्यातले 2.3 हवेचे, अँटेनातला ऱ्हास वगैरे वजा करून 3.5 उरले, तेही एक केल्विन इकडेतिकडे. चिलीतल्या अटाकामात 5,200 मीटरवरच्या दुर्बिणी हा निरपेक्ष आकडा मोजायच्या भानगडीतच पडत नाहीत. आकाशाच्या दोन ठिकाणांतला फरक तेवढा टिपतात. माझं उत्तर दुरुस्तीनंतरही 2 ते 5 मध्ये हिंदकळतं.

पहाटे एलएनबीच्या टोपीवर दव दिसलं की वाचन तिथेच थांबवतो. पाण्याचा पातळ पापुद्राही या पट्टीत गरम दिसतो.